रात्रीच्या रिक्षाचं भाडं कोण देणार?

गावपातळीवर बायकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेकडे बाहेरचा पैसा साधारण दोन वाटांनी येतो. एक, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चावे लागतात. रक्कम घसघशीत, पण प्रकल्पाला बांधलेली: इतकी शिलाई मशीन, इतक्या बायका, शिवाय फोटो. दुसरी वाट स्त्रीवादी निधींची, म्हणजे बायकांच्या संघटनांना अनुदान देणाऱ्या संस्थांची. अ‍ॅमस्टरडॅमचा मामा कॅश 1983 पासून, ग्लोबल फंड फॉर विमेन 1987 पासून. इथे रक्कम बहुधा लहान, पण पगार, जागेचं भाडं, प्रवास, कशालाही चालते.

फरक कळतो रात्री अकराला. मारहाण झालेली बाई दारात उभी असते. कार्यकर्ती तिला रिक्षात घालून आधी सरकारी दवाखान्यात, मग पोलीस ठाण्यात नेते. ही रिक्षा कुठल्या हेडखाली टाकायची? शिलाईच्या बजेटात तिला जागा नाही. असे हिशेब मी लिहिलेत. शेवटी पैसे कार्यकर्तीच्याच पर्समधून जातात.

मग दुसरी वाटच बरी? कामाच्या दृष्टीने, नक्कीच. पण परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते. त्या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. नोंदणी नसलेल्या दहा-बारा जणींच्या संघटनेला ते दार बंदच. तिने मशीन मिळाली तर खुशाल घ्यावीत. शिवणवर्गात बायका जमतात, आणि जमल्या की बोलतातच.