लग्नासाठी हॉल, लॉन की हॉटेल? बुकिंगआधी काय तपासाल

जागा बघायला गेलात की मॅनेजर सगळ्यात आधी क्षमता सांगतो, आणि फसगत तिथूनच सुरू होते. माहितीपत्रकातला आकडा बऱ्याचदा एकूण क्षेत्रफळाला माणशी ८ चौरस फुटांनी भागून काढलेला असतो. तेवढ्या जागेत माणूस रांगेतल्या खुर्चीवर बसतो. गोल टेबलाशी नीट जेवायचं असेल, खुर्ची मागे सरकवायची असेल आणि पाठीमागून वाढपी जायचा असेल, तर माणशी १२ चौरस फूट लागतात.

समजा हॉल ६० बाय ८० फुटांचा आहे. म्हणजे ४८०० चौरस फूट, कागदावर ६०० पाहुणे. आता त्यातून २४ बाय १६ चं स्टेज वजा करा. स्टेजसमोर फोटोवाले आणि भेटायला आलेल्यांची रांग यांना स्टेजइतकाच रुंद, १२ फूट खोल पट्टा सोडा. बुफेची दोन काउंटर रांगेसकट प्रत्येकी ३० बाय १२ फूट खातात. दारापासून आत येण्याचे रस्ते धरून सुमारे ५०० चौरस फूट जातात. उरतात २९०० च्या आसपास, म्हणजे साधारण २४० माणसं. त्यामुळे किती माणसं मावतात हे विचारण्यात अर्थ नाही. टेप घेऊन जा, मोजा आणि टेबलं मांडलेला नकाशा मागा. खांब असतील तर तेही त्यात काढून घ्या, कारण खांबाआडच्या टेबलावरून स्टेज दिसत नाही.

हॉलमध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. समोरची भिंत १७ मीटरपेक्षा लांब असेल तर टाळी वेगळी ऐकू येऊ शकते. त्यात गुळगुळीत फरशी, काच आणि उघडं छत असलं की माईकवरचं बोलणं गिजबिज होतं. पडदे आणि गालिचे यांनी बराच फरक पडतो, पण ते भाड्यात आहेत का, ते विचारून घ्या.

रिकाम्या हॉलमधला गारवा फसवा असतो. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. २४० माणसांचे झाले २४ किलोवॉट, म्हणजे जवळपास ७ टन एसी नुसता माणसांपायी खर्ची पडतो. दिवे, छत, सतत उघडं राहणारं दार यांचा भार वेगळा. एसी किती टनांचा आहे आणि पाहुणे यायच्या किती आधी चालू करतात, हे दोन्ही विचारा.

जनरेटर आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. ६२.५ केव्हीएचा संच व्यवहारात सुमारे ५० किलोवॉट देतो. त्यावर एसी चालतो की फक्त दिवे? वीज गेल्यावर जनरेटर भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात साऊंडचा मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. मिक्सरला छोटा यूपीएस लावला की हा प्रश्नच राहत नाही.

लॉनबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: त्याच दिवशी, तेवढ्याच माणसांची बंद जागा राखून ठेवलेली नसेल तर लॉन घेऊ नये. पाऊस आला तर आयत्या वेळी मंडप टाकू, हे आश्वासन नसतंच. टेबलं, साऊंड, दिवे हलवायला काही तास लागतात, म्हणून हलवायचं की नाही हे कोण आणि किती वाजता ठरवणार ते आधी पक्कं करा. जमिनीचा उतार बघा. पाणी स्टेजकडे येत असेल तर वायरी ओल्या होतात. पिवळसर दिव्यांकडे पांढऱ्या दिव्यांपेक्षा किडे कमी येतात, म्हणून जेवणाच्या भागात तेच मागा.

हॉटेल २०० ते २५० पाहुण्यांपर्यंत सर्वांत सोयीचं, राहायच्या खोल्या तिथेच असल्यामुळे. पण तिथे मोठ्या हॉलचे सरकत्या भिंतींनी दोन भाग केलेले असतात. ही भिंत बऱ्याचदा फॉल्स सीलिंगपर्यंतच जाते आणि वरच्या पोकळीतून शेजारच्या कार्यक्रमाचा आवाज सरळ इकडे येतो. पलीकडे कुणाला तरी मोठ्याने बोलायला लावा आणि इकडून ऐका. ऐकू आलं तर त्या दिवशी शेजारचा भाग रिकामा ठेवण्याची अट करारात घाला.

दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का आणि मागचं दार कुलूपबंद तर नाही ना, हे स्वतः ढकलून बघा. सजावटीचा पडदा त्या दारावर येणार असेल तर सजावट बदला. पार्किंगमध्ये एका गाडीला वळायच्या जागेसकट २५ ते ३० चौरस मीटर लागतात. त्यावरून गाड्यांचा आकडा तुम्हीच काढा.

करारात सगळ्यात जास्त भांडणं वेळेवरून होतात. भाड्याचे तास सजावटवाला आत शिरल्यापासून मोजतात की पाहुणे आल्यापासून? आधीचा कार्यक्रम लांबला तर तो वेळ कुणाच्या खात्यात? जेवणाच्या ताटांची किमान संख्या किती, अंतिम आकडा किती दिवस आधी द्यायचा, बाहेरचा साऊंडवाला आणला तर वेगळं शुल्क आहे का, हे सगळं लेखी घ्या. अनामत परत मिळण्याची तारीखही लिहून घ्या. सामान ताब्यात घेताना आणि परत देताना भिंती, खुर्च्या, स्टेज यांचे फोटो दोघांसमोर काढा, म्हणजे मोडतोडीच्या नावाखाली अनामतीतून पैसे कापले तर दाखवायला तुमच्याकडे काही असेल.