गोव्यात जुनं घर घेताय? इंग्रजी भाषांतर बघून पैसे देऊ नका

माझे १८,५०,००० रुपये अडकलेत. ११,००,००० टोकन, ७,५०,००० साठेखताच्या वेळी. शिवाय भाषांतराचे १८,५००, तेही माझ्याच खिशातून, आणि भाषांतर करणारा माणूस एजंटनंच आणलेला.

बार्देशातलं जुनं घर, ठरलेली किंमत ४८,००,०००. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारासारख्या कागदावर, विकणाऱ्याचं एकट्याचं नाव. मूळ नोंद पोर्तुगीजमधली, सोबत शिक्का मारलेलं, नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर. त्यात स्वच्छ लिहिलेलं : संपूर्ण मालक. माझ्या वकिलानंही तेच वाचून हिरवा कंदील दिला. आता नातेवाईक मला शहाणपण शिकवतात. माझ्या जागी त्यांनी वेगळं काय केलं असतं?

मुळात होतं ते असं. 'मेतादे', म्हणजे अर्धा हिस्सा. आणि तोही 'दोमिनियो उतिल', म्हणजे जमीन वापरण्याचा, कसण्याचा हक्क. खालची जमीन गावच्या कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची. तिला दरवर्षी 'फोरो', म्हणजे जमिनीचं भाडं, देणं बांधील. भाषांतरात अर्धा गायब, फोरो गायब, कोमुनिदाद गायब. एवढं सगळं नजरचुकीनं गळत नाही.

एक क्षण डोक्यातून जात नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी होते. पोर्तुगीज पानावर १/२ असा आकडा होता, पुढे रुपये-तांगांमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चलनात, एक रक्कम होती. इंग्रजी पानावर त्या जागी काहीच नव्हतं. आकडा वाचायला पोर्तुगीज यावं लागत नाही. मी बोट ठेवून विचारलं. एजंट म्हणाला, "साहेब, तो जुना कर. लिबरेशननंतर बंद झाला." विकणारा समोर बसून मान डोलावत होता. वकीलही गप्प. विचारूनसुद्धा खोटं उत्तर मिळालं तर ग्राहकानं करायचं काय?

एक-चौदावर विसंबू नका. सर्व्हे झाला तेव्हा जो भाऊ गावात होता त्याचं नाव लागलं, जो पोर्तुगालला गेला त्याचं राहिलं. त्यानं त्याचा हक्क संपत नाही. मॅट्रिजचा उताराही मालकी सिद्ध करत नाही, ती कराची नोंद. जुन्या पोर्तुगीज जमीन नोंदणीतलं इन्स्क्रिप्शन मागा, हक्क कोणाचा ते तिथं कळतं. डिस्क्रिप्शनमध्ये फक्त मालमत्तेचं वर्णन असतं आणि एजंट नेमकं तेच पुढे करतात.

कर्जासाठी जाहीर सूचना छापली तेव्हा दुसऱ्या भावाच्या वारसांची हरकत आली. तोवर पैसे गेले होते.

पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब, कोर्टात जा. मी म्हटलं, खोटं भाषांतर करून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? फौजदार म्हणाले, पोर्तुगीज आम्हाला कुठे येतं? निबंधक कार्यालयात उत्तर मिळालं की आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. मग तपासतं कोण? जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली एसआयटी नेमली, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमला. माझ्या तक्रारीवर मात्र 'यात बळकावणं नाही' एवढंच तोंडी सांगून परत पाठवलं. लेखी द्या म्हटलं तर तेही नाही. १९६१ला गोवा मुक्त झाला, पण हजारो घरांची मालकी अजून पोर्तुगीज कागदांवर उभी आहे, आणि खोटं भाषांतर करणाऱ्याला हात लावायला कोणी तयार नाही!

भाषांतरकार स्वतः निवडा. दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्या, पहिलं त्याला दाखवू नका. मूळ पानावरचा प्रत्येक आकडा भाषांतरात आहे का, ते स्वतः मोजा. विकणारा विवाहित असेल तर बायकोची सहीही हवीच. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामायिक धरतात. मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाल्याचा आदेश बघा. तो नसेल तर टोकनचा रुपयाही देऊ नका.

त्याच घराचे फोटो गेल्या आठवड्यात पुन्हा फिरू लागलेत. किंमत आता ५२,००,०००. 'क्लिअर टायटल, इंग्रजी कागद तयार' असं खाली लिहिलंय.