बॅटरी गाडीवरचं ३२० वॉटचं सोलर किट: घ्यावं का?

रिसॉर्ट, कॉलेजचं आवार, लॉनवालं मंगल कार्यालय अशा ठिकाणी फिरणाऱ्या गोल्फ कार्टच्या छतावर बसवायला हे किट मिळतं. १६० वॉटचे दोन काचेचे पॅनल, ४८ व्होल्टसाठी बूस्ट एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचं कमी व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डबा), वायर आणि क्लॅम्प. 'एकदा बसवा, चार्जिंग विसरा' असं दुकानात सांगतात. विसरता येत नाही.

गाडीतल्या ८ व्होल्टच्या सहा, १७० अँपिअर-तासांच्या (एएच) बॅटऱ्या म्हणजे साधारण ८ युनिट साठा. छतावर आडवे पडलेले हे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला जेमतेम १ युनिट बॅटरीत घालतात. जुलै-ऑगस्टात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात त्याच्या तिसऱ्या हिश्शावर समाधान मानायचं. किलोमीटरला ८० ते १०० वॉट-तास धरले तर रोज १० किलोमीटर फिरणारी गाडी उन्हावर निभावते. दिवसभर पाहुणे वाहणाऱ्या गाडीला रात्री प्लग लावावाच लागतो. वाचलेल्या विजेचे, युनिटला ८ रुपये धरले तरी, दिवसाचे आठ-दहा रुपये. किटचे पैसे बिलातून वसूल करायला बसलात तर बॅटऱ्या आधी जातील.

खरा फायदा बॅटरीच्या आयुष्याचा आहे. लेड-ॲसिड बॅटरी अर्धी उतरलेली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची घटते. रोज थोडं का होईना, वरचेवर भरत राहिलं की हे टळतं. तेवढ्यासाठी किट घ्यायला हरकत नाही.

कंट्रोलर ही यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. दोन पॅनल सिरीजमध्ये जोडून ३६ व्होल्टच्या आसपास मिळतात. तो ते वाढवून ५८ पर्यंत नेतो. म्हणूनच 'अजून एक पॅनल टाकू' हा मोह आवरा. तिसरा पॅनल सिरीजमध्ये आला की उघडं व्होल्टेज (काही भार नसतानाचं, चालू व्होल्टेजपेक्षा जास्त) ६६ च्या घरात जातं, बॅटरीपेक्षा वर. मग बूस्ट कंट्रोलरचा ताबा सुटतो, करंट थेट आत जातो आणि बॅटऱ्या उकळायला लागतात.

किटमधल्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नाही, ही मोठी उणीव. चार्जिंग व्होल्टेजचं सेटिंग हातानं बदलावं लागतं: थंडीत ५८.८ व्होल्ट, एप्रिल-मेमध्ये ५७.६, फ्लोट (भरल्यावर नुसतं टिकवून धरायचं व्होल्टेज) ५४. उन्हाळ्यात हे खाली आणलं नाही तर पाणी भराभर आटतं. दर दोन-तीन आठवड्यांनी झाकणं उघडून बघा आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच भरा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी घाला. लिथियम बॅटरी असेल तर हे आकडे लावू नका, बॅटरीवाल्यानं दिलेलेच वापरा.

सोबतची वायर बारीक आहे, ती काढून ४ स्क्वेअर एमएमची सोलर वायर टाका. फ्यूज दिलेलाच नाही. कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये, बॅटरीजवळ, १५ अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. भर दुपारीही करंट पाच-साडेपाच अँपिअरच्या वर क्वचित जातो, त्यामुळे तेवढा पुरतो. जोडणी पूर्ण पॅकच्या (सहाही बॅटऱ्या मिळून) मुख्य प्लस आणि मुख्य मायनसला करायची. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. लाइट-हॉर्नसाठी सहातल्या एकाच बॅटरीवरून वायर (टॅप) घेण्याची खोड अनेकांना असते. ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि सोलर तिला वेगळं काही वाढत नाही. त्यासाठी पूर्ण पॅकवर ४८ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

दोन पॅनल मिळून वीस-बावीस किलो भरतात. प्लास्टिकच्या छतावर नुसते स्क्रू मारले की खड्ड्यांच्या रस्त्यावर छत तडकतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्या, वजन खांबांवर येऊ द्या आणि पॅनलखाली दोन बोटं हवा खेळू द्या. तांबडी धूळ आठवड्याला पुसा, पण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. प्लगचा चार्जर रात्रीच लावा. भर उन्हात दोन्ही चालू असले की पॅनलमुळे वाढलेलं व्होल्टेज बघून काही चार्जर पॅक भरल्याचं समजून लवकर बंद होतात.

मंगल कार्यालयवाल्यांनी मात्र छतावरचं किट घेऊच नये. चातुर्मासात लग्नं नाहीत, गाडी शेडमध्ये उभी, आणि शेडमध्ये ऊन नाही. बॅटरीला भरण्याची गरज असते नेमकी तेव्हाच. हेच पॅनल शेडच्या पत्र्यावर दक्षिणेकडे उतार देऊन बसवा, कंट्रोलर गाडीत ठेवा आणि खाली वायर सोडून एमसी४ कनेक्टर (सोलर वायरचा प्लग) लावा. गाडी आत घेतली की जोडायचा, बाहेर काढण्याआधी सोडवायचा. फक्त तो सोडवताना पॅनलवर ऊन असेल तर आधी लाइनमधला डीसी एमसीबी (स्विच) पाडा, नाहीतर कनेक्टरमध्ये ठिणगी पडून टोकं जळतात.