मार्लीजचं सीझन तिकीट: स्कोअरबोर्डकडे कमी, पोरांच्या मानेकडे जास्त बघा

मी टोरोंटोशेजारच्या मिसिसॉगात ड्रायव्हिंग शिकवते. चौदा वर्षं झाली. विद्यार्थ्याला रोड टेस्टला कधी बसवायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड निर्णय. घाई केली तर पोरगं नापास होतं आणि पुढे कितीतरी दिवस स्टिअरिंगवर हात कापतात. फार थांबवलं तर कंटाळून भलत्या सवयी लावून घेतं. टोरोंटो मार्लीज या आइस हॉकी संघाचे सामने बघायला लागले तेव्हा हाच प्रश्न बर्फावर दिसला: हा मुलगा मेपल लीफ्सकडे जायला तयार झाला का? लीफ्स हा एनएचएल या सगळ्यात वरच्या लीगमधला संघ, आणि मार्लीज हा त्याचाच खालच्या एएचएलमधला, पोरं घडवणारा संघ. 2015 पासून आमची दोन सीझन तिकिटं आहेत, एक माझं आणि एक मुलाचं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

आधी जागेविषयी. मार्लीज खेळतात ते कोका-कोला कोलिझियम ही एक्झिबिशन प्लेसमधली शंभर वर्षांहून जुनी इमारत. प्रेक्षक मावतात आठ हजारांच्या आसपास, म्हणजे लीफ्सच्या स्कोशियाबँक अरीनाच्या निम्म्याहूनही कमी. छत अंगावर आल्यासारखं वाटतं, पण वरच्या रांगेतूनही स्केटचा बर्फ कापतानाचा आवाज ऐकू येतो. गाडी आणू नका. लेकशोर वेस्टची गो ट्रेन (इथली लोकल) घ्या, युनियन या मुख्य स्टेशननंतरचं पहिलंच स्टेशन. लीफ्सचा अरीना युनियनला लागून आहे. दोन लीगमधलं अंतर एका स्टेशनाचं, आणि ते कापायला कोणाला चार महिने लागतात, कोणाला पाच वर्षं.

काचेजवळची सीट घेऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही ती घेतली होती. धडका जवळून दिसल्या, खेळ दिसला नाही. गोलच्या मागे, कोपऱ्याकडची वरची रांग घ्या. तिथून बघायचं ते असं: पक (हॉकीची चकती) आपल्या कोपऱ्यात येऊन पडतो आणि डिफेन्समन (बचावपटू) तो आणायला मागे धावतो. पकपर्यंत पोचेस्तोवर त्यानं मान किती वेळा वळवली ते मोजा. गाडीत मी याला शोल्डर चेक म्हणते, आणि गंमत म्हणजे हॉकीचे कोचही तेच म्हणतात. तयार झालेला खेळाडू दोनदा बघून घेतो, पकला काठी लागण्याआधीच त्याचा पास ठरलेला असतो. न झालेला आधी पक घेतो आणि मग रस्ता शोधतो. एएचएलमध्ये हे खपतं, कारण अंगावर येणारा समोरचा फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) अर्धा सेकंद उशिरा येतो. वर गेल्यावर तोच अर्धा सेकंद जातो. रिंक दोन्हीकडे सारखाच, 200 फूट बाय 85 फूट. कमी होतो तो वेळ.

मुलगा बरीच वर्षं गोल मोजायचा. "आई, हा बघ, आठवड्यात चार गोल! आता तरी बोलावतील." मी त्याला म्हणायचे, अरे, त्यातले किती पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर बसलेला असताना) आले ते बघ. इथे पॉवर प्लेवर दीड-दोन मिनिटं राज्य करणाऱ्या पोराला वर गेल्यावर चौथ्या लाईनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या तुकडीत, आठ-नऊ मिनिटं मिळतात आणि तिथे त्याच्याकडून अपेक्षा असते ती बोर्डजवळचा (कडेच्या भिंतीजवळचा) पक बाहेर काढण्याची. आकडेमोड करणारे एएचएलमधल्या गुणांची (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) एनएचएलमधली किंमत निम्म्याहून कमी धरतात. हे उलटही होतं, आणि ते ओळखायला मला फार वेळ लागला. खालच्या लीगमध्ये सहकारी नेमक्या जागी नसतात, पास काठीवर येत नाही, तेव्हा डोक्यानं खेळणारा मुलगा हरवल्यासारखा दिसतो. वर गेल्यावर सगळे जागच्या जागी असतात आणि तोच एकदम शहाणा दिसायला लागतो. म्हणून नुसता तक्ता वाचून निकाल देऊ नये, हे मी आग्रहानं सांगते.

या तिकिटाचं खरं मोल मला दोन गोष्टींतून कळलं. पहिली विल्यम नायलँडरची. 2015-16 मध्ये मार्लीजकडून 38 सामन्यांत 45 गुण, आणि 29 फेब्रुवारी 2016 ला लीफ्सकडून पहिला सामना. त्याच वयोगटातला मिच मार्नर मात्र आम्हाला या बर्फावर कधीच दिसला नाही. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघांनी नवी पोरं निवडताना) घेतलेल्या मुलाला तेव्हा विसाव्या वर्षाआधी एएचएलमध्ये पाठवता येत नसे. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनिअर. मार्नर लंडन नाईट्स या ज्युनिअर संघाकडे परत गेला. नायलँडर स्वीडनहून आलेला, त्याला ती अट नव्हती. 2016-17 मध्ये दोघेही लीफ्सकडून पूर्ण सीझन खेळले आणि दोघांचेही गुण बरोबर 61. लीफ्सच्याच ऑस्टन मॅथ्यूजला तर दोन्ही वाटांची गरज पडली नाही, एनएचएलमधल्या पहिल्याच सामन्यात चार गोल. खाली किती दिवस ठेवावं याला सगळ्यांना लागू पडेल असं माप नाही, हे मला या तिघांनी पटवलं.

दुसरी जस्टिन हॉलची, आणि ती माझ्या जास्त जवळची. 2010 च्या ड्राफ्टमध्ये शिकागोनं दुसऱ्या फेरीत घेतलेला हा डिफेन्समन एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये राहून आला, मग मार्लीजकडे. सव्विसावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी, 31 जानेवारी 2018 ला, तो एनएचएलमधला पहिला सामना खेळला. पहिल्या दोन्ही सामन्यांत गोल. तरी परत खाली. त्याच जूनमध्ये मार्लीजनं टेक्सास स्टार्सला सातव्या सामन्यात 6-1 हरवून कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, घेतला. आम्ही तिथे होतो; मुलगा माझ्या खांद्यावर उभा राहायचा बाकी होता. पुढचं अख्खं वर्ष हॉल लीफ्सच्या यादीत राहिला आणि खेळला फक्त 11 सामने. कारण वेव्हर्सचा नियम. त्याला खाली पाठवायचं तर 24 तास बाकीच्या सगळ्या संघांना त्याला उचलायची मुभा मिळाली असती. म्हणून तो वर बसून राहिला. 2019-20 मध्ये मात्र 68 सामने. त्या एका वर्षात तो अचानक चांगला झाला असं मला वाटत नाही. निर्णय कधी खेळावर होतो, कधी कागदावर, आणि पोराचं वर्ष मधल्यामध्ये जातं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पोरांना वर उशिरा नेण्याचीही एक परंपरा आहे, एनएचएलमधल्या डेट्रॉइट संघाची. गुस्ताव नायक्विस्टला त्यांनी 2013-14 चा सीझनसुद्धा ग्रँड रॅपिड्स या आपल्या एएचएल संघातूनच सुरू करायला लावला, आणि वर आल्यावर त्यानं 57 सामन्यांत 28 गोल केले. मी स्वतः याच बाजूची आहे.

आता उणं काय ते. ज्याला बघायला तुम्ही तिकीट काढता, तो त्याच सकाळी वर गेलेला असू शकतो. यात कोणाचा दोष नाही, हा लीगच त्यासाठी आहे. विश्रांतीत संगीत फार मोठं असतं, लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कानात कापूस ठेवा. नोव्हेंबरात रॉयल विंटर फेअरसाठी घोडे येतात आणि मार्लीज बाहेरगावी खेळायला जातात, तेव्हा त्या आठवड्यांचा बेत करू नका. आणि एकच सामना बघून काही कळणार नाही. निदान सहा-सात बघा, एकाच मुलावर डोळा ठेवून. तोही पहिल्या लाईनचा नको, तिसऱ्या जोडीतला डिफेन्समन घ्या. एएचएलच्या नियमानं 18 स्केटर्सपैकी किमान 13 जण कमी सामने खेळलेले असावे लागतात, म्हणजे निवडायला पोरं भरपूर आहेत.

गेल्या महिन्यात आम्ही असाच एक धरला. पहिल्या पीरियडमध्ये पाच वेळा पक आणायला मागे गेला, तीनदा मान वळवली. दुसऱ्यात सहापैकी पाचदा. तिसऱ्यात दमला, शिफ्ट (एका दमात बर्फावर खेळायची पाळी) लांबली, आणि मान वळायची थांबली. त्यातल्याच एका वेळी काचेवर असा आदळला की आम्ही दोघं उठून उभे राहिलो. उठला, आणि पुढच्या शिफ्टला पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला, यावेळी दोनदा मागे बघून.

प्लॅटफॉर्मवर ट्रेनची वाट बघताना मुलानं विचारलं, "आई, तुझा विद्यार्थी असता तर? टेस्टला बसवला असतास?"

"अजून वीस सामने," मी म्हटलं. "तिसऱ्या पीरियडमध्येही मान वळायला हवी."

त्यानं फोनवर त्याचा नंबर लिहून ठेवला.