हायड्रोजेल ड्रेसिंग शीट, जळगावात मेडिकलवरून घेतलं, ४ स्टार

माल चांगला आहे पण कडा बेकार, मे महिन्यात आमच्या जळगावच्या उन्हात दुपारपर्यंत सुकून वर वळतात आणि चिकटपट्टी नाहीच, वरून बँडेज गुंडाळावंच लागतं. आखाजीला खापरावर मांडे करताना आईचं मनगट भाजलं, डॉक्टरांनी बघून हे लिहून दिलं. लावल्या लावल्या आग कमी, आणि काढताना कापसासारखं सालटं ओढत नाही, माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. आत जास्त करून पाणीच, पॉलिमरच्या म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या जाळीत धरलेलं.

शेजारच्या काकूंचं एकच, उघडं राहू दे वं माय, सुकीन आपोआप. पण संशोधक जॉर्ज विंटरने १९६२ मध्येच डुकरांवर दाखवलंय की झाकलेली ओलसर जखम लवकर भरते, कारण ओलाव्यात नवी कातडी सहज सरकते, मॅक्रोफेजसारख्या पांढऱ्या पेशींना काम करता येतं आणि मेलेली कातडी शरीराचेच एन्झाइम विरघळवतात. त्यामुळे शीटखालचा पिवळसर चिकट थर बघून घाबरू नका, तो दर वेळी पू नसतो. वास, ताप किंवा लाली पसरली तर मात्र सरळ दवाखाना.

हेच जेल शरीराच्या आत बसवलं तर मॅक्रोफेज त्याला परकं समजतात आणि भोवती तंतूंचं कवच तयार होऊ शकतं, मोठी डोकेदुखी तिथेच आहे, वरून लावायला ते टेन्शन नाही. खूप पाणी सुटणाऱ्या जखमेवर घेऊ नका, आजूबाजूची कातडी पांढरी पडून भिजते.