बेचाळीसच्या लढ्यावर कादंबरी लिहिताना: नायक इतिहासातला घ्यावा की कल्पनेतला?

१९४२ च्या भूमिगत लढ्यावर कादंबरी लिहायचे मनात आले की पहिला प्रश्न मध्यवर्ती पात्राचा पडतो. इतिहासात ज्याचे नाव आहे अशा माणसाला नायक करून चरित्रात्मक कादंबरी लिहावी, की खऱ्या घटनांच्या मधोमध एक कल्पित माणूस उभा करावा? ठाण्यात राहून भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटावर कादंबरी लिहिताना मी हे दोन्ही मार्ग चालून पाहिले आहेत. पहिला खर्डा चरित्रात्मक होता. तो साडेतीनशे पानांवर बाजूला ठेवून मी कल्पित नायक घेतला आणि पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले. हा निर्णय ज्यांना आज करायचा आहे, त्यांना या दोन खर्ड्यांची तुलना उपयोगी पडावी.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या दाराशी उभे राहावे लागू नये म्हणून त्यांनी धान्य कोठी चालवली. ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली तेव्हा ते भूमिगत झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला जाणाऱ्या विजेवर गिरण्या आणि रेल्वे चालत असत. युद्धाच्या ऐन धामधुमीत हीच वीज तोडायची, म्हणून आझाद दस्त्याने त्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंनी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती.

एवढे वाचल्यावर चरित्रात्मक मार्गाचा मोह का पडतो हे सांगायला नको. आयुष्याला घाट आधीच आहे, आरंभ आणि शेवट ठरलेला आहे, आणि प्रत्येक प्रकरणाला तारखेचा खुंटा आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ पासून चालत आलेली संस्था ठाण्यातच असल्यामुळे वाचनासाठी फार लांब जावे लागत नाही, आणि मुरबाडपर्यंत एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. प्रकाशकाचा पहिला प्रश्न "कोणावर आहे?" असा असतो, आणि त्याला एका नावात उत्तर देता येते. जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमांत, शाळांच्या ग्रंथालयांत असे पुस्तक सहज पोहोचते. ज्यांच्याविषयी आजच्या कल्याण-बदलापूरच्या नव्या वसाहतींत फारसे कोणाला माहीत नाही, त्यांचे नाव हजारो घरांत जाणे ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते, आणि केवळ या कारणासाठी कोणी तो मार्ग निवडला तर मी त्यांना अडवणार नाही.

माझी अडचण संवादांत झाली. सिद्धगडच्या शेवटच्या रात्री भाई साथीदारांशी बोलतात असा चार पानांचा प्रसंग मी लिहिला होता आणि तो मला फार आवडत होता. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात एका वयोवृद्ध गृहस्थांना मी तो वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, ते शेवटी हे बोलले, हे तुम्हांला कुणी सांगितलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. चार पानांतले प्रत्येक वाक्य माझे होते, आणि ते मी अशा माणसाच्या तोंडी घातले होते ज्याच्या स्मृतीला ही माणसे दरवर्षी २ जानेवारीला चढण चढून जातात. कादंबरीकाराला एवढी मोकळीक असते, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. त्या ओटीवर बसून ते मला उच्चारता आले नाही.

फितुरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. भूमिगतांच्या कथेत कोणीतरी माग दिलेला असतो, आणि चरित्रात्मक कादंबरीत तो कोणी दिला हे लेखकाला एकतर सांगावे लागते किंवा ठळकपणे टाळावे लागते. सांगितले तर ज्याच्यावर बोट जाते त्याची नातवंडे त्याच गावात राहतात. कल्पित गावातल्या कल्पित माणसाला फितूर करताना मात्र मला त्याच्या घरात शिरता आले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, धान्य महागले, रॉकेल मिळेनासे झाले; अशा दिवसांत घरात तापाने फणफणलेले मूल असलेला माणूस फौजदारासमोर किती वेळ गप्प राहील, हे मला लिहायचे होते. पहिल्या खर्ड्यात त्याला दीड ओळ मिळाली होती, दुसऱ्यात दोन प्रकरणे मिळाली.

कल्पित नायक घेतला की अभ्यास कमी करावा लागतो, असा समज आहे. माझा अनुभव उलट आहे. भाईंच्या आयुष्यात तपशील नसेल तेथे "त्या रात्री मनोरा कोसळला" एवढे वाक्य पुरते, कारण वाचक नावाच्या बळावर पुढे जातो. ज्याला वाचक ओळखत नाही अशा माणसाचा मनोरा मला हातांनी पाडावा लागला. त्यासाठी वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात मी दोन दुपारी काढल्या. तिथल्या कारागिराने जाड लोखंडी अँगल पकडीत आवळून हॅक्सॉने कापून दाखवला. पाते दोन्ही हातांनी सरळ रेषेत चालवावे लागते, मध्ये तेलाचे थेंब सोडावे लागतात, आणि बोट लावले तर चटका बसेल इतके ते तापते. मग तो म्हणाला, "बाई, हा आडवा तुकडा आहे म्हणून सुटला. उभ्या टॉवरचा पाय कापायला घ्याल तर वजन खाली बसतं, फट मिटते आणि पातं आतच दाबून धरलं जातं." या एका वाक्याने माझ्या कथानकाचा मधला सांधा जुळवला: नायकाचे पाते तिसऱ्या पायात अडकते, ओढताना तुटते, आणि तो तुटका तुकडा पोलिसांना कल्याणच्या लोखंडी सामानाच्या दुकानापर्यंत नेतो. हा प्रसंग भाईंच्या नावावर मी घालू शकले नसते, कारण तो घडल्याचा पुरावा नाही.

वेळेचा फरक मोठा नाही. दोन्ही खर्ड्यांना साधारण सव्वा वर्ष लागले. दुसऱ्या मार्गाची खरी किंमत पुस्तक बाहेर आल्यावर कळते. "हा माणूस खरा होता का?" या प्रश्नाला "नव्हता" असे उत्तर दिले की काही वाचकांचा चेहरा पडतो, आणि खऱ्या हुतात्म्यांना बाजूला सारून काल्पनिक माणसाला मान दिला, असा आक्षेपही येतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणून माझ्या पुस्तकात भाई आणि हिराजी खऱ्या नावांनीच आहेत. ते दुरून दिसतात, चालताना, जेवताना, कागदावर काही लिहिताना दिसतात, पण नोंद नसलेले एकही वाक्य बोलत नाहीत. ही मधली वाट पाळायला कठीण आहे. आपल्या हाती दस्तऐवज, पत्रे, कुटुंबीयांचा विश्वास आणि त्यांची संमती असेल, तर चरित्रात्मक कादंबरीच लिहावी, कारण तेवढे साहित्य कल्पित पात्रामागे दडवणे हा त्या साहित्यावर अन्याय होईल. हाती मुख्यतः वर्तमानपत्रे, ऐकीव आठवणी आणि प्रदेशाची ओळख असेल, तर कल्पित नायक घ्यावा.

कौल घेण्यापूर्वी एक चाचणी मात्र करावी: २ जानेवारीचे प्रकरण आधी लिहून पाहावे. पहिल्या खर्ड्यात ते शेवटचे प्रकरण होते आणि त्यानंतर लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नव्हते. दुसऱ्या खर्ड्यात ते सत्तावीसपैकी एकोणिसावे आहे. माझा नायक त्या पहाटे सिद्धगडावर नाही. मुरबाडच्या बाजारात मिठाची पुडी बांधून घेत असताना त्याला बातमी कळते, आणि दुकानदाराला पैसे देताना हात थरथरू नये याची त्याला काळजी घ्यावी लागते. घरी आल्यावर तो हॅक्सॉची रिकामी चौकट भाताच्या कणगीत तळाशी पुरतो, आणि पुढच्या आठ प्रकरणांत त्या कणगीतले भात रोज थोडे थोडे कमी होत जाते.