गाडी विकली दुकानाने, कागदावर दुकान कुठेच नाही

मुंबईत जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका दुकानदाराने आम्हाला पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी 'सिंगल ओनर, नॉन ॲक्सिडेंटल' म्हणून ४ लाख ३५ हजारांना विकली. गाडी त्याच्या दुकानासमोर उभी होती, सौदा त्याच्याशी झाला, पैसे त्याने सांगितले त्या खात्यांत गेले. आज तो म्हणतो, मी विकलीच नाही. आणि गाडीच्या सरकारी कागदांवर त्याचं नाव खरंच कुठे नाही. हे कसं जमवतात ते सविस्तर लिहिते आहे. पैसे देण्याआधी कुणी वाचलं तर त्यांचे तरी वाचतील.

आम्ही मुलुंडला राहतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि लोकल बंद झाली; दर वेळी टॅक्सी परवडत नव्हती, नव्या गाडीचं बजेट नव्हतं. दुकानदार गोड बोलणारा. "ताई, अंधेरीच्या एका रिटायर्ड साहेबांची गाडी आहे. सोसायटीतून बाहेरच निघायची नाही." नंबर एमएच ०२, मीटरवर ३१ हजार किलोमीटर, आतून नवीन सीट कव्हर, बाहेरून चकाचक. आमच्या मेकॅनिकच्या गॅरेजला नेऊन दाखवतो म्हटलं, तर "बाहेर सोडता येत नाही, काही झालं तर इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो, त्यांनाच इथे बोलवा." मेकॅनिक आला, रस्त्याच्या कडेला इंजिनचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली. लिफ्टवर न घेता, कार्पेट न उचलता जेवढं दिसतं तेवढं त्याने पाहिलं.

टोकनचे २० हजार दुकानदाराच्या मुलाच्या क्यूआरवर गेले. बाकीचे ४ लाख १५ हजार तिसऱ्याच एका नावाच्या खात्यात, "आमचा पार्टनर आहे" असं सांगून. पक्कं बिल मागितलं तर उत्तर आलं, "बिल केलं की जीएसटी लागतो, उगाच तुम्हालाच महाग पडेल." बऱ्याच लोकांना हे खरं वाटतं, म्हणून हिशोबच सांगते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. चार लाखांची गाडी ४ लाख ३५ हजारांना विकली, तर कर वरच्या ३५ हजारांवर, म्हणजे साधारण ६ हजार ३०० रुपये. एवढ्यासाठी कुणी बिल टाळत नाही. बिल टाळतात ते विकणारा म्हणून नाव येऊ नये यासाठी.

बिलाऐवजी हातात पडली 'डिलिव्हरी नोट'. अर्ध्या पानाचा छापील कागद, खाली दुकानाचा शिक्का. 'गाडी जशी आहे तशी पाहून, समाधान झाल्यावर ताब्यात घेतली. यापुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.' महिनाभराने आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आमच्या नावावर झाली, तीही थेट आधीच्या मालकाकडून. मालकी बदलण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या आधीपासून घेऊन ठेवलेल्या होत्या.

जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडीचं खरं रूप बाहेर आलं. काच आपोआप खाली यायची, सेंट्रल लॉक मध्येच खटखट करायचं. मग एका संध्याकाळी विक्रोळीजवळ, हायवेवर, भर ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद पडलं. सासूबाई मागे बसलेल्या, पाय वाकत नाही, बाहेर धो धो पाऊस. टो करून गाडी भांडुपच्या एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे नेली.

त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. आपण बेल्ट लावताना जेवढा ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत. कायम गुंडाळलेला राहणारा शेवटचा हात-दीड हात पट्टा बाहेर आला, तर त्यावर तपकिरी डाग, आणि डागाला सरळ कड. पाणी जिथवर चढलं होतं तिथवरची. "मॅडम, गाडी पाण्यात गेलेली आहे." मग त्याने दाराजवळची पट्टी काढून कार्पेट उचललं. खाली पिठासारखी बारीक माती, बोटाला चिकटणारी. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज, डॅशखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. वरून शाम्पू, पॉलिश आणि नवी कव्हरं घातली होती.

मला सगळ्यात चीड आली ती एअरबॅगची. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, म्हणजे यंत्रणेने स्वतःची तपासणी केली. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. मेकॅनिक म्हणाला, बिघाड झाल्यावर तो कायम पेटलेला राहतो, गिऱ्हाईकाला दिसतो, म्हणून दिव्याचंच कनेक्शन काढलं आहे. माझी मुलगी तीन महिने त्या गाडीत पुढच्या सीटवर बसत होती. पैशांची फसवणूक एक वेळ समजते. हे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे, आणि ज्याने ती वायर काढली त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दिला की जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी निघतात. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ५८ हजार किलोमीटर होते. मीटर मागे घेतलेलं.

मग आम्ही आरसीच्या झेरॉक्सवरचा पत्ता शोधत आधीच्या मालकांकडे गेलो. ते गृहस्थ खरोखरच निवृत्त, खरोखरच अंधेरीचे. आम्ही गाडीचा नंबर सांगितला तर ते उठूनच उभे राहिले. "ती गाडी रस्त्यावर आहे? अहो, ती तर भंगारात गेली ना?" सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलं तेव्हा गाडी पाण्यात बुडाली होती. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. त्यांना त्याप्रमाणे पैसे मिळाले होते. सांगाडा लिलावात ज्याने घेतला त्याच्या माणसाने चावी, आरसी आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या नेल्या. त्यांनी आम्हाला विमा कंपनीच्या पत्राची प्रत दिली, आणि पुढे ग्राहक आयोगात केलेल्या आमच्या तक्रारीत तोच सगळ्यात भक्कम कागद ठरला.

त्या काकांनाही केवढा धोका होता! आरसीवर नाव असेल तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी महिनोन्‌महिने कुणाकुणाच्या हातात होती आणि नाव यांचं होतं.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा आधी "जुनी गाडी आहे, काही ना काही निघणारच", मग "पुढच्या आठवड्यात या", आणि विम्याचं पत्र दाखवल्यावर आवाज बदलला. "आम्ही फक्त मध्यस्थ. गाडी त्या साहेबांनी तुम्हाला विकली, कागद बघा. त्यांच्यावर केस करा." सगळी बांधणी या एका वाक्यासाठी असते. बिल नाही, पैसे दुसऱ्यांच्या खात्यांत, आरसी मालकाकडून थेट गिऱ्हाईकाकडे. पोलीस ठाण्यातही पहिल्यांदा हेच ऐकलं, की ही दिवाणी बाब आहे. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली, तेवढं पदरात पडलं.

पण कायदा त्याला वाटतो तितका भोळा नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दुकानदाराला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते फॉर्म २९बी मध्ये मिळतं, ५ वर्षं चालतं. मालकाने गाडी दुकानदाराच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवायचं, आणि तिथून पुढे दुकानदारच मालक मानला जातो. त्यामुळे दुकानात शिरल्यावर गाडीच्या आधी २९बी मागा आणि आवडलेल्या गाडीचा २९सी मागा. आमच्याकडे नंतर ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांना मी हेच सांगते. टाळाटाळ झाली तर त्या माणसाला कागदावर यायचं नाही, हे तिथेच कळतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि 'मी मध्यस्थ' हे घटकाभर मान्य केलं, तरी त्याने मोबदला घेऊन सेवा दिली, तेव्हा ती सदोष सेवा ठरते. आमच्या तक्रारीत दोन्ही मुद्दे घेतले आहेत. 'तुम्ही बघून घेतली' यालाही उत्तर आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात तपासून घेतलेल्या मालाबद्दलची सूट फक्त तपासणीत दिसायला हव्या होत्या अशा दोषांपुरती आहे. उघडूच न दिलेल्या कार्पेटखालची माती त्यात कशी बसणार? एक मात्र खरं, आपल्याकडे जुनी गाडी अमुक दिवसांत परत करण्याचा आपोआप हक्क नाही. दोष होता आणि तो लपवला, हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते; आमची मुंबई उपनगरच्या आयोगात, वांद्रे पूर्वेला आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगही ते वाढवू शकत नाही. आमचा दुकानदार अगदी शेवटी जागा झाला.

दुकानाचं नाव कागदावर नसताना आम्ही ते उभं केलं ते असं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ज्यात त्याचा नंबर आणि 'नॉन ॲक्सिडेंटल' दोन्ही आहे, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः पाठवलेला खाते क्रमांक आणि "पेमेंट मिळालं ताई" हा मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, शिक्क्याची डिलिव्हरी नोट. चॅट पुसू नका, शक्यतो फोनही बदलू नका. आणि वैताग येऊन गाडी दुरुस्त करून घेऊ नका. दोष तपासायला आयोग तज्ज्ञ नेमू शकतो, आणि वायरिंग बदलून बसलात तर तपासायला काही उरत नाही. आमची गाडी सोसायटीत झाकून उभी आहे, पार्किंगचे पैसे जात आहेत, पण तज्ज्ञाने ती आहे तशी पाहिली आणि अहवालात पाण्याचा उल्लेख आला. आता युक्तिवाद बाकी आहेत. पूर्ण रक्कम, टोइंगचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागितली आहे.

टोकन देऊन झालं असेल आणि गाडी अजून घेतली नसेल, तर आजच दुकानदाराला व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न लेखी विचारा: गाडी पाण्यात गेली होती का, टोटल लॉस झाली होती का, बिल कुणाच्या नावाने मिळेल. फोनवर उत्तर दिलं तर ते उत्तर टाइप करून त्यालाच परत पाठवा. बाकी रक्कम फक्त बिलावरच्या नावाच्या खात्यात भरा. गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आणि चावी फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा.